शनिवारचे पाय झाले का?

प्रश्न: दादा, मी सांगलीचाच, वय २४, वजन ५८ किलो, उंची पाच फूट आठ. कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला आहे. जिम लावून आठ महिने झाले. ट्रेनरनं सहा दिवसांचं शेड्यूल दिलंय, सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, मग शोल्डर, बायसेप, ट्रायसेप आणि शनिवारी लेग. शिफ्ट बदलली की दोन-तीन दिवस बुडतातच. अंगावर काही चढंना. मित्र म्हणतो पुश-पुल-लेग कर (एक दिवस ढकलायचे व्यायाम, एक दिवस ओढायचे, एक दिवस पाय), मामा म्हणतात जिम सोड आणि तालमीत जाऊन जोर-बैठका मार. नक्की काय करू?

उत्तर: भावा, आधी खरं सांग, शनिवारचे पाय महिन्यातनं किती वेळा झाले? मला वाटतं दोनदा, ते पण पाहुणे आले नसतील तर. तुझ्या शेड्यूलमध्ये प्रत्येक मसलला आठवड्यातनं एकच वार मिळतो, आणि तो वार सेकंड शिफ्टनं खाल्ला की त्या मसलची पाळी थेट चौदा दिवसांनी. मित्राचं पुश-पुल-लेग वाईट नाही, पण ते सहा दिवस जमलं तरच प्रत्येक भाग दोनदा होतो, तुझे होणार तीन-चार दिवस, म्हणजे पुन्हा तेच रडगाणं.

त्यापेक्षा फुल बॉडी कर, म्हणजे एकाच दिवशी सगळं अंग, आठवड्यातनं तीनदा. दोनच वर्कआउट ठेव. पहिल्यात स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढायचा). दुसऱ्यात रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कमरेतनं झुकून बार खाली-वर), शोल्डर प्रेस, लॅट पुलडाउन (मशीनचा वरचा बार छातीकडे ओढायचा). शेवटी वाटलं तर बायसेप-ट्रायसेपचे दोन-दोन सेट, तेवढी हौस पाहिजेच. प्रत्येकाचे तीन सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं बस, मोबाईल काढलास की त्याची दहा होतात. आणि याला वार लावू नको! आज पहिला झाला, की पुढच्या वेळी जाशील तेव्हा दुसरा, मग मध्ये एक दिवस जाऊ दे नाहीतर तीन, गाडी जिथं थांबली तिथनंच सुटणार.

आता खरी गोष्ट. तू पत्रात सगळं लिहिलंस पण आठ महिन्यांपूर्वी बेंचला किती मारत होतास आणि आता किती, ते कुठंच नाही. दहा रुपयांची वही घे. समज आज ३० किलोवर तीन सेटला ८, ८, ७ वेळा झाले, तर तसंच लिही, पुढच्या वेळी ९, ८, ८ काढायचा प्रयत्न कर, तिन्ही सेटला १२ आले की अडीच किलो वाढव आणि परत आठपासनं सुरू. सेट कुठं थांबवायचा? अजून एक-दोन निघाले असते असं वाटेल तिथं. पाचव्यालाच दमल्याचं तोंड करून बार ठेवणारे मी रोज बघतो.

मामांना नाव ठेवू नको, माझं पण बालपण तालमीतच गेलं, हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवलेलं असायचं त्याचा वास अजून नाकात आहे. पण जोर वीस-पंचवीसला दम काढत असतील तोवर मसलला काम, दोनशेवर गेले की तो दमसास झाला. पाठीला सॅक लावून वजन वाढवत गेलास तर जोरसुद्धा चालतील. आणि ५८ किलोला लाजू नको राव, आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्सला वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून सिल्व्हर आणलं. तो खेळ वेगळा, मान्य, पण बारीक अंगात ताकद नसते असं कोण म्हणालं तर ऐकून घेऊ नको.

खाण्याचं थोडक्यात. किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन धर, म्हणजे तुला साधारण ९३. चार अंडी २४, पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीन चंक्स २६, अर्धा लिटर दूध १६-१७, मूठभर शेंगदाणे ७, उरलेलं डाळ-उसळ-भाकरीतनं निघतंय. वजन आठवड्याला पाव किलो वाढलं तरी बास, हलतच नसेल तर एक भाकरी वाढव. नाईट सुटल्यावर थेट जिमला जाऊ नको, आधी सात तास झोप.

प्रश्न: माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, जिमला जायचं म्हणतो. वजनं उचलली की उंची थांबते का? (एक आई, तासगाव)

उत्तर: नाही ताई, शिकवणारा नीट असेल तर उंचीला काही होत नाही. पहिले काही महिने जोर, बैठका, पुलअप आणि हलकी डंबेल्स, सगळं कुणीतरी समोर उभं राहून. बेंचखाली एकटा झोपू देऊ नका. प्रोटीन पावडरचा डबा मागेलच, अजून नको म्हणा.