आळ हरणावर, विषाणू डुकराचा

हेपॅटायटिस ई ही कावीळ प्राण्यांकडूनही माणसाला होते, असं एक वाक्य मागच्या लेखात ओघात लिहिलं होतं. बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आली. त्यातली चार घेतो.

मी टोकियोत नोकरी करतो. शिकारीच्या हंगामात मित्र हरणाचं कच्चं मांस खायला बोलावतात. ‘ताजं आहे, काही होत नाही’ म्हणतात. खावं का?

नको. ही गोष्ट जपानमध्येच घडून गेली आहे. २००३ मध्ये ह्योगो प्रांतातल्या दोन कुटुंबांतल्या चौघांना हेपॅटायटिस ई झाला. सहा-सात आठवड्यांपूर्वी त्यांनी सिका हरणाचं मांस कच्चं खाल्लं होतं. एरवी इतक्या दिवसांनी पुरावा कुठला उरायला! पण उरलेलं मांस फ्रीझरमध्ये ठेवलेलं होतं. त्यात विषाणू सापडला आणि त्याची जनुकीय रचना रुग्णांमधल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळली. त्याच घरांतल्या ज्यांनी ते मांस खाल्लं नव्हतं किंवा नुसतं चाखलं होतं, ते सुटले. प्राण्याच्या मांसातून हा आजार होतो याचा हा पहिला थेट पुरावा मानला जातो.

ताजेपणाचं म्हणाल, तर शिळेपणाने वाढणारे जंतू वेगळे. हा विषाणू जनावर जिवंत असतानाच त्याच्या अंगात असतो. गोठवल्याने तो मरेल, असाही भरवसा नाही.

म्हणजे हरीणच या विषाणूचं घर का?

बिचाऱ्या हरणावर हा आळ जरा जास्तच येतो. खरं घर डुक्कर आणि रानडुक्कर. डुकरांमधला हा विषाणू १९९७ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. युरोपात तांबड्या हरणात आणि रो हरणात तो सापडतो, पण साधारणपणे रानडुकरांपेक्षा कमी प्रमाणात, आणि त्याचा जनुकीय प्रकारही तिथल्या डुकरांचाच, म्हणजे तिसरा. दोघं एकाच रानात चरतात, एकाच पाणवठ्यावर येतात. डुकराच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो आणि हरणाच्या तोंडी जातो, असाच बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे.

सशांत, उंटांत आणि उंदरांतही या विषाणूचे भाऊबंद आहेत. उंदरांमधला तर २०१८ मध्ये हाँगकाँगला यकृत प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णात सापडला.

आम्ही गोव्याचे. सोरपोतेलमध्ये डुकराची कलेजी असते. बंद करायचं का?

अजिबात नाही! सोरपोतेलचं मांस आधी उकडतात, मग बारीक चिरून परततात, मग मसाल्यात रटरटू देतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून जास्त चवीने खातात. प्रयोगांत डुकराच्या कलेजीतला विषाणू पुरता निकामी व्हायला ७१ अंश सेल्सिअसला २० मिनिटं लागली. तुमच्या भांड्यात त्याहून कितीतरी जास्त होतं. मात्र त्यातल्या व्हिनेगरवर भरवसा ठेवू नका. जठरातल्या आम्लातून पार होणाऱ्या विषाणूला त्याचं काय! जपायचं ते कच्ची कलेजी हाताळताना. त्याच सुरीने, त्याच पाटावर कोशिंबिरीचा कांदा चिरू नका.

गावात काविळीची साथ आहे. मोकाट डुकरं पकडून नेली तर थांबेल का?

डुकरं जरूर हलवा, पण साथीचं कारण तिथे शोधू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने याचा माग काढलेला आहे: आपल्याकडच्या डुकरांत चौथा प्रकार मिळाला, तर साथींतल्या रुग्णांत पहिला. पहिला प्रकार माणसाकडून माणसाकडे जातो, तोही सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून. १९५५-५६ मध्ये दिल्लीत नजफगड नाल्याचं पाणी यमुनेत वजिराबादच्या पंपापर्यंत आलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तिथे डुकरांचा काही संबंध नव्हता.

तेव्हा ग्रामपंचायतीला आधी विचारा, नळाची पाइपलाइन गटाराला कुठे खेटून जाते? तोवर पाणी उकळून प्या. घरात कुणी गरोदर असेल तर जास्तच जपा. याच पहिल्या प्रकाराने शेवटच्या तीन महिन्यांत गाठलं तर दगावण्याचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. अशा बाईचे डोळे पिवळे दिसले, तर चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात एक दिवसही घालवू नका. सरळ रुग्णालय गाठा.