रात्री नऊचा फोन बंद करा

पत्र: माझी मुलगी बी.एस्सी. फिजिक्स. सध्या गोंदियाला एअर ट्रॅफिक कंट्रोलरचं प्रशिक्षण घेते आहे. थिअरीत नव्वदच्या पुढे गुण, पण नॉन-रडार सिम्युलेटरच्या सराव चाचणीत दोनदा नापास झाली. अंतिम प्रात्यक्षिक 3 आठवड्यांवर आलंय. मी रोज रात्री नऊला फोन करून गुण विचारतो, तर हल्ली ती फोनच उचलत नाही. शिक्षण मराठी माध्यमातलं, म्हणून इंग्रजी बोलण्याचा ऑनलाइन क्लास लावून दिला. स्मरणशक्तीच्या गोळ्या कुरिअरने पाठवल्या. परीक्षेच्या आठवड्यात आम्ही दोघं तिकडे जाऊन राहणार आहोत, विदर्भ एक्स्प्रेसचं आरक्षण झालंय. मध्येच सोडलं तर भरावी लागणारी बाँडची रक्कम मोठी आहे. आणखी काय करू?
– एक वडील, सिडको, नाशिक

नमस्कार भाऊसाहेब,

पत्रात बाँड दोनदा आलाय, नातेवाइकांना काय सांगायचं हे तीनदा. छापताना ते कमी केलं. सिम्युलेटरवर मुलीचं नेमकं काय चुकलं, हे मात्र एकदाही आलेलं नाही. तुम्हाला ते माहीत नाही, कारण तुम्ही तिला कधी विचारलंच नाहीत. तुम्ही विचारलंत ते "आज किती पडले?" आणि त्याला जोडून "बाकीच्यांना किती?"

दहावीपासूनची ही सवय असणार, आणि ती आजवर खपून गेली. लेखी परीक्षेत चौथा प्रश्न चुकला तरी पाचव्याला धक्का लागत नाही. सिम्युलेटरवर बाराव्या मिनिटाला झालेली चूक तिसाव्या मिनिटापर्यंत उडत राहते. म्हणून तिथे चूक ओळखायची, दुरुस्त करायची आणि पुढच्या विमानाकडे वळायचं, एवढं काही सेकंदांत जमावं लागतं. रेडिओच्या भाषेत त्यासाठी ठरलेला शब्द आहे: "करेक्शन". तो उच्चारायचा, बरोबर आकडा द्यायचा, विषय संपला. तुमचा फोन मात्र दिवसभरातली चूक रात्री नऊला पुन्हा उकरतो. म्हणजे इन्स्ट्रक्टर दिवसा जे शिकवतात, त्याच्या बरोबर उलटं तुम्ही रात्री शिकवताय. ती फोन उचलत नाही हे मला शहाणपणाचं वाटतं.

"समोर रडारवर सगळं दिसतंच, मग चुकतं कसं?" असंही तुम्ही लिहिलंय. नॉन-रडारमध्ये विमान दिसत नाही, भाऊसाहेब. समोर घड्याळ असतं, तेही यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. आणि एका बोर्डावर कागदी पट्ट्या, एका विमानाची एक. तिला स्ट्रिप म्हणतात. तिच्यावर विमानाचं नाव, वेग, लेव्हल म्हणजे उडण्याची उंची, आणि पुढच्या ठिकाणावर पोचण्याची अंदाजी वेळ. आकाश म्हणजे एवढंच. शेजारच्या खोलीत बसलेली माणसं पायलट म्हणून बोलतात आणि मुद्दाम अडचणी आणतात.

आता यात हुशार मुलगी कुठे सापडते ते पाहा. दोन विमानं एकाच मार्गावर, एकाच लेव्हलवर, एकामागे एक. पुढचं 240 नॉटने चाललंय, म्हणजे मिनिटाला 4 नॉटिकल मैल. मागचं 300 नॉटने, मिनिटाला 5. पुढच्याने एक ठिकाण 10:12 ला ओलांडलं, मागचं तिथे 10:23 ला येणार. मध्ये 11 मिनिटं. नियमाप्रमाणे किमान 15 मिनिटं लागतात. जिथे दिशादर्शक यंत्रणांमुळे जागा आणि वेग वारंवार तपासता येतो तिथे 10 चालतात. आपल्या उदाहरणात 10 चालतात असं धरू. 11 हा आकडा बघून ती निश्चिंत होते आणि दुसऱ्या स्ट्रिपकडे वळते. पुढचं ठिकाण 80 मैलांवर. पुढच्याला तिथे 20 मिनिटं लागतात, 10:32. मागच्याला 16, 10:39. राहिली 7 मिनिटं. 10 मिनिटांची हद्द तर 20 मैलांवरच, 10:27 ला संपली होती, आणि त्या वेळी ती कुणाला तरी लँडिंगचा क्रम सांगत होती. नियम तिला पाठ होता, भागाकारही येत होता. स्ट्रिप हातात आल्याबरोबर दोन्ही वेग शेजारी ठेवून "मागचा जोरात आहे" हे तिने पाहिलं नाही, एवढंच. पाहिलं असतं तर मागच्याला वेळेतच दुसरी लेव्हल देता आली असती. उभं 1,000 फूट अंतर मिळालं की मिनिटांची चिंता मिटते. फक्त ती लेव्हल आधी कुणाकडे असेल, तर त्याने सोडल्याचा रिपोर्ट यायला हवा. "एव्हाना सोडली असेल" या अंदाजावर लेव्हल दिली, की बाकी कितीही चांगलं झालेलं असो, ते फारसं कामाला येत नाही. विमानाला 5 मिनिटं उशीर झाला हे परीक्षक एका नजरेने बघतो, अंतर मोडलं हे दुसऱ्या.

दुसरी नेहमीची जागा रीडबॅकची. तिने सूचना दिली, पायलटने ती परत म्हणून दाखवली, आणि नेमकी त्याच वेळी तिची मान खाली, स्ट्रिपवर लिहिण्यात. आकडा बरोबर आला, पण म्हणाला दुसराच, मिळत्याजुळत्या नावाच्या विमानाचा पायलट. हे तिथे हमखास घालतात. उपाय साधा आहे: बोलता बोलता लिहायचं, आणि रीडबॅक चालू असताना पेन त्या लिहिलेल्या आकड्यावर टेकवून ऐकायचं. जुनी लेव्हल एका रेघेने खोडायची, गिरवून काळी करायची नाही. दहा मिनिटांनी तीच वाचावी लागते.

आता तो इंग्रजीचा क्लास. तो आजच थांबवा. आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, की मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीमुळे मागे पडतात आणि फाडफाड बोलणारी पुढे जातात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या भाषेच्या 6 पायऱ्या आहेत आणि कामाला चौथी लागते. तुमची मुलगी व्हॉइस टेस्ट देऊन आत गेली आहे. रेडिओवर बोलण्याचा वेग मिनिटाला 100 शब्दांपेक्षा जास्त नसावा असं त्याच संघटनेचं मार्गदर्शन आहे. स्पीकिंगच्या क्लासमध्ये याच्या बरोबर उलटं शिकवतात. रेडिओवरचे आकडेही ठरलेल्या उच्चारांचे: तीनला "ट्री", पाचला "फाईफ", नऊला "नाइनर". मराठी जिभेला यात काय जड आहे? अडचण उलट सफाईदार बोलणाऱ्यांची होते. त्यांच्या तोंडी "ओके", "शुअर", "गो अहेड अँड डिसेंड" असली भर येते. 27 मार्च 1977 ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून 583 माणसं गेली. कारणं बरीच होती, पण "आम्ही आता टेक-ऑफला आहोत" असं एक संदिग्ध वाक्य आणि त्यावर टॉवरचं "ओके" ही त्यात होती. तेव्हापासून "टेक-ऑफ" हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात, एरवी "डिपार्चर". तिने बोलण्यात भर घालायची नाही, काढून टाकायची आहे. क्लासची फी गेली असं समजा.

गोळ्या तिला घेऊ देऊ नका. या नोकरीत मादक आणि उत्तेजक द्रव्यांची तपासणी होते, आणि असल्या डब्यांत काय मिसळलेलं असतं हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. झोप मात्र पुरेशी हवी. "चौदा तास अभ्यास कर" हा तुमचा आग्रह इथे कुचकामी आहे, कारण थकलेल्या डोक्याला सगळ्यात आधी रीडबॅक ऐकू येईनासा होतो. ओझर विमानतळावर ओळख काढून टॉवर दाखवायचा बेतही सोडा. तो विमानतळ एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा आहे, सहलीची जागा नव्हे, आणि टॉवर बघून स्ट्रिप मांडता येत नाहीत.

या 3 आठवड्यांत तिच्या उपयोगाचं काय? रोज 20 ते 25 मिनिटं, सिम्युलेटरशिवाय. कागदाच्या सात-आठ पट्ट्या कापायच्या, सोबतच्या एखाद्या प्रशिक्षणार्थीला पायलट करायचं आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा. त्या पायलटने दहातला एक रीडबॅक चुकीचा द्यायचा, कुठला ते न सांगता. मग रेकॉर्डिंग ऐकून "अं", "ओके" आणि निसटलेले रीडबॅक मोजायचे. पहिल्या दिवशीचा आकडा ऐकून रडू येईल, आठवड्यात तो खाली येतो. डोकं एकदम भरून आलं तर "स्टँड बाय", म्हणजे "जरा थांबा", म्हणायला लाजायचं नाही. सात सेकंद गप्प राहून बोर्ड वाचलेला बरा, चुकीची लेव्हल दिलेली नव्हे. तिला पायलट म्हणून तुम्ही हवे असाल तर ती सांगेल. सांगितलं तर फोनवर आकडे वाचा, मत देऊ नका.

विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटं रद्द करा. परीक्षेच्या दिवशी बाहेर बाकावर आई-वडील बसलेत, हे डोक्यात असलेल्या मुलीकडे एक स्ट्रिप जास्तीची असते.

ज्या वाचकांची मुलं अजून अर्जाच्या टप्प्यावर आहेत त्यांच्यासाठी एका ओळीत: भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंग, खुल्या गटाला 27 वर्षांची मर्यादा, संगणकावरची परीक्षा, मग व्हॉइस टेस्ट आणि वैद्यकीय. बाकी एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या जाहिरातीत वाचा.

आणि "मुंबईला ड्यूटी लागली" असं आत्तापासून सांगत सुटू नका. हे प्रात्यक्षिक पास झाल्यावरही ती लगेच एकटी माइकवर बसत नाही. नेमणूक देशात कुठेही होते, तिथे अनुभवी कंट्रोलर शेजारी बसवून पुन्हा महिनोन्महिने काम शिकवलं जातं, त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे एकटीने काम करण्याची मान्यता, वेगळं मिळवावं लागतं, आणि रात्रपाळी नंतर कायमचीच. हे आयुष्य तिला हवं आहे का, हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही. आत्ता विचारूही नका. निकाल लागल्यावर, कसाही लागला तरी, एकदा शांतपणे विचारा. उत्तर "नाही" आलं तर बाँड हा पैशांचा हिशेब आहे, त्याचे आदेश वाचून मार्ग काढता येतो. फिजिक्सची पदवी कुठे पळून जात नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, लिहायचं असेल तर. त्यात गुण नकोत. नापास झालेल्या दोन्ही चाचण्यांनंतर इन्स्ट्रक्टरने डिब्रीफमध्ये, म्हणजे चाचणीनंतरच्या आढाव्यात, काय लिहिलं आणि बोर्डावर तेव्हा किती स्ट्रिप होत्या, एवढं मला पुरे.