उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, फिजिओथेरपीने बरं होतं का?

होतं. पण मशीनचा शेक घेत टेबलावर पडून राहिल्याने नाही, आणि तुमच्या वर्णनावरून सध्या तेवढंच चाललंय.

मी पुण्यातच फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही लिहिलंय तसं तुमचं रोज वेताळ टेकडीवर पळणं, रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, चढताना काही नाही, उतरताना मात्र गुडघ्याच्या बाहेर सुई टोचल्यासारखं दुखणं. हे सगळं आयटी बँडच्या (इलिओटिबियल बँड) दुखण्याशी जुळतं. हा जाड पट्टा खुब्यापासून मांडीच्या बाहेरून येतो आणि गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला चिकटतो. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की तो मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो. उतारावर प्रत्येक पावलाला गुडघा याच कोनात भार घेतो.

१९७५ साली अमेरिकेच्या मरीन सैनिकांमध्ये हे दुखणं नोंदवलं गेलं, तेव्हा पट्टा हाडावर घासतो असं मानलं गेलं. २००६ मध्ये शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवलं की पट्टा तिथे हाडाला तंतूंनी बांधलेला असतो, फारसा सरकतच नाही. दाबली जाते ती त्याखालची चरबी, आणि तिच्यात मज्जातंतू भरपूर असतात. म्हणूनच जिममधल्या मित्राच्या सल्ल्याने त्या दुखऱ्या जागेवर फोम रोलर फिरवत असाल तर आजच थांबा. आधीच चेपलेली जागा तुम्ही आणखी चेपताय. रोलरने तो पट्टा लांब होत नाही. मांडीच्या वरच्या मांसल भागावर फिरवा, बरं वाटेल, एवढंच.

खरं काम खुब्यात आहे. पायरीवर एका पायावर उभे राहा, दुसरी टाच हळूच खाली जमिनीला लावा आणि आरशात बघा. कंबर एका बाजूला झुकते का? गुडघा आत वळतो का? तसं होत असेल तर खुब्याच्या बाजूचा ग्लुटस मिडियस हा स्नायू कमी पडतोय.

सुरुवात कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्यापासून करा. पाय किंचित मागे आणि बोटं जरा जमिनीकडे. पाय पुढे आला की मांडीच्या पुढचा स्नायू काम उरकतो आणि ज्याला कामाला लावायचं तो आराम करतो. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, म्हणून पहिले काही दिवस कुणाच्या तरी नजरेखाली करा. मग पायांना थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) लावून आडवं चालणं आणि पायरीवर उभं राहून कंबर खाली-वर करणं. शेवटी तीच पायरी आरशासमोर उतरणं, पण आता कंबर न झुकवता. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात २४ पळणाऱ्यांकडून सहा आठवडे असे व्यायाम करून घेतले आणि २२ जण पुन्हा पळू लागले. तुलनेला व्यायाम न दिलेले रुग्ण नव्हते, म्हणून त्या आकड्यावर पैज लावू नका. पण सहा ते आठ आठवडे धरून चाला.

तोवर पूर्ण विश्रांतीची गरज नाही. सपाट रस्त्यावर दुखत नाही तेवढं चाला, सायकलही दुखत नसेल तरच. सिंहगड सुटत नसेल तर चढून जा, पिठलं-भाकरी खा आणि उतरायला जीप पकडा. नी-कॅपने आधार वाटतो, पण मूळ कारण हलत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने सुरुवातीचे दिवस सुसह्य होतात, पण त्या भरवशावर उतारावर पळू नका.

एमआरआय? बहुधा नको. मांडीच्या हाडाच्या त्याच बाहेरच्या उंचवट्यावर अंगठा दाबून गुडघा हळूहळू सरळ केला की ३० अंशांच्या आसपास नेमकं तेच दुखणं उठतं. बहुतेक वेळा एवढ्यावर निदान होतं. मात्र गुडघा अडकत असेल, सुजत असेल, मध्येच दगा देत असेल किंवा दुखणं थेट सांध्याच्या फटीवर असेल तर गुडघ्याच्या सांध्यातली गादी (मेनिस्कस) दुखावल्याची शंका घ्यावी लागते, आणि आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कमरेतून पायात मुंग्या येत असतील तरीही.

पळायला परत लागताना एक दिवसाआड, सपाटीवर, थोडं पळणं आणि थोडं चालणं. पावलं लहान आणि जलद टाका. मिनिटाला १६० पडत असतील तर १६८ ते १७६. पावलं एकाच रेषेत पडत असतील तर दोन पायांत जरा अंतर ठेवा, पट्ट्यावरचा ताण कमी होतो. रस्त्याच्या एकाच कडेने रोज पळू नका, कडेला उतार असतो. टेकडीचा उतार सगळ्यात शेवटी, आणि तोही आधी चालत.

आणि तुमच्या फिजिओने अजून तुमचा खुबा तपासला नसेल, तुम्हाला पळताना पाहिलं नसेल, तर पुढच्या भेटीत तसं स्पष्ट सांगा. टाळाटाळ झाली तर दुसरा शोधा.