दोन घरचा ड्रायव्हर

प्रश्न : बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान आणि आर्द्रता मोजणारा संच आम्ही तिघं मित्र बनवतो. सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर आणि संगणक यांना जोडणारा प्रोग्राम, आमच्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पात आहे. गेल्या वर्षी तोच लिनक्स कर्नलमध्येही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातही, गेला. आता तिकडे कुणीतरी परस्पर बदल करतं, इकडे आम्ही वेगळे करतो. दोन्ही प्रती जुळत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी तिघांचंही अभिनंदन. तासगावचा ड्रायव्हर कर्नलमध्ये गेला, हे वाचून इथे सांगलीत मला फार आनंद झाला. आता एक ठरवून टाका : कर्नलमधली प्रत मूळ, तुमच्याकडची तिच्यावरून काढलेली.

कर्नलच्या आतली एखादी रचना बदलली, की बदलणाराच तिथले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो. बाहेरच्या प्रतीला वाली नसतो. असे सेन्सर ज्या दोन तारांच्या जोडणीवर बोलतात, त्या आय-टू-सीचंच बघा. कर्नलच्या 6.1 आवृत्तीत रिमूव्ह फंक्शनने (उपकरण सुटताना चालणारं) काही परत देणं बंद झालं, 6.3 मध्ये प्रोबला (उपकरण जोडताना चालणारं) एकच आर्ग्युमेंट उरलं. आतले शेकडो ड्रायव्हर त्यासोबत सुधारले गेले; बाहेरच्यांना आपलं आपण बघावं लागलं.

जुन्या कर्नलवरच्या गिऱ्हाइकांसाठी तुमची प्रत लागेलच. आवृत्ती तपासणाऱ्या इफ-एल्सच्या ओळी तिथेच राहू द्या, कर्नलच्या पॅचमध्ये, म्हणजे तिकडे पाठवायच्या बदलात, त्या चालत नाहीत. तुमच्याकडे कुणी सुधारणा पाठवली, तर साइन्ड-ऑफ-बाय ओळीशिवाय (हा कोड द्यायचा हक्क मला आहे, अशी पाठवणाऱ्याची सही) घेऊ नका. पुढे ती कर्नलला देता येणार नाही. कर्नलचा कुठला भाग कोण सांभाळतं (मेन्टेनर) त्याची यादी असलेल्या मेन्टेनर्स फाइलमध्ये तुमच्यातल्या एकाचं नाव घाला, म्हणजे पॅच पाठवणाऱ्याला तुम्हाला कळवायचं हे कळेल. परस्पर बदलांचा त्रास बराचसा इथेच मिटतो.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे तुमचं अ‍ॅप जे वाचतं ते. आयआयओच्या (कर्नलमधला सेन्सरांचा विभाग) नियमाप्रमाणे तापमान मिलिअंशांत येतं : खोलीत 4.5 अंश असतील, तर इन_टेम्प_इनपुट फाइलमध्ये 4500. लोक असं काही वापरू लागले, की कर्नल ते मोडू देत नाही. म्हणून तर नवी फाइल घेताना तिथे इतकी चिकित्सा होते, पुष्कळदा नावही बदलायला लावतात. तेव्हा नवी फाइल वाचणारा अ‍ॅपमधला बदल तयार ठेवा, मेन्टेनरला दाखवा, पण कर्नलचा पॅच स्वीकारला जाईपर्यंत गिऱ्हाइकाला देऊ नका.

कर्नलची नवी आवृत्ती साधारण 9-10 आठवड्यांनी येते. त्यातली मर्ज विंडो (नवं काम आत घ्यायचा काळ) दोनच आठवड्यांची, आणि नवं काम ती उघडण्याआधी मेन्टेनरकडे पोचलेलं लागतं. फेब्रुवारी-मार्चच्या बेदाण्याला हवा असलेला बदल दिवाळीच्या आधीच पाठवा.