बर्फात जायचं म्हणतोय ना, मग आधी प्रमाणपत्राची तारीख बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. १४ वर्षांचा मुलगा, बौद्धिक दिव्यांग, इटलीतल्या तुरिनला झालेल्या स्पेशल ऑलिंपिकची (बौद्धिक दिव्यांगांच्या जागतिक हिवाळी स्पर्धेची) बातमी बघितल्यापासून "मलापण बर्फात जायचाय" म्हणतो, आणि आता शिबिरासाठी मागितलेले कागद जुळत नाहीत. तुम्ही गुहागरच्या, आम्ही देवगडचे. बाकी गोष्ट तीच.

नोंदणी, वैद्यकीय फॉर्म वगैरे शाळेतल्या बाई सांगतीलच. मी एकाच कागदाबद्दल बोलते.

माझ्या मुलीचं राज्याच्या शिबिरासाठी नाव लागलं होतं. दिव्यांग प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. मी त्यावरचे टक्के दहादा वाचले असतील, पण खालची बारीक ओळ कधीच वाचली नाही. प्रमाणपत्र तात्पुरतं होतं आणि मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली होती. लहान मुलांना बरेचदा असंच देतात, पुन्हा तपासणी करायची म्हणून. चूक माझी, ती मी मान्य करते.

पण पुढे जे झालं ते माझ्या चुकीत बसत नाही. नवं प्रमाणपत्र काढायला जिथे गेलो तिथे आधी सांगितलं, डॉक्टर फक्त बुधवारी. बुधवारी गेलो तर ते रजेवर. तिसऱ्या खेपेला सांगितलं की बुद्ध्यांक चाचणीची सोयच इथे नाही, दुसरीकडून करून आणा. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं का? प्रत्येक खेप म्हणजे पहाटेची एसटी आणि गर्दीचा आवाज सोसत नाही म्हणून माझ्या पदरात तोंड खुपसून बसलेली मुलगी. खिडकीतला माणूस म्हणाला, "हिला कशाला एवढ्या लांब पाठवताय?" तिला ते कळलं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. शिबिर गेलं.

म्हणून सांगते, निवडीची वाट बघू नका, मुदत संपायच्या सहा महिने आधी धावपळ सुरू करा. जाण्याआधी फोन करून विचारा, चाचणी तिथेच होते का. आधार, प्रमाणपत्र आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर एकच हवं. मी डॉक्टर नाही, कायदेवाली नाही, नियमही बदलतात, तेव्हा तुमच्या जिल्ह्यात खात्री करून घ्या.

बर्फाची काळजी मात्र सोडा. त्या हिवाळी स्पर्धेत फ्लोअरबॉल आहे, हॉकीसारखा खेळ, तो हॉलमध्ये खेळतात. स्नोशूइंग आहे, म्हणजे बुटांना रुंद चौकटी बांधून बर्फावर धावायचं. आमचे सर त्याचा सराव पुळणीवर घेतात. भरतीच्या रेषेच्या वर, जिथे वाळू कोरडी आणि पाय रुततो, तिथे. गुडघा उचलल्याशिवाय पाऊल पुढे पडतच नाही. आठवडाभर पोटऱ्या दुखतील, तेल लावून चोळा.

आणि कोणी "तिथे सगळ्यांनाच पदक देतात" म्हणालं तर मनावर घेऊ नका. मार्च २०२५ मध्ये तुरिनला आपल्या मुलांनी ३३ पदकं आणली, ८ सुवर्ण, १८ रौप्य, ७ कांस्य. तिथे वय आणि कुवत बघून गट पाडतात, म्हणजे तुल्यबळ मुलं एकमेकांसमोर येतात. पदक हवं तर त्यांच्यातून पुढे यावंच लागतं. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताला आजवर एकही पदक नाही, हे त्या लोकांना जरूर सांगा.

१४ म्हणजे उशीर झाला असंही समजू नका. स्पर्धेसाठी ८ वर्षं पूर्ण लागतात, वरची वयोमर्यादा नाही. माझी २१ ची आहे, रोज संध्याकाळी पुळणीवर असते.

आज प्रमाणपत्र बाहेर काढा, खालची ओळ वाचा आणि मुदत कधीपर्यंत आहे ते इथे लिहा. नाव आणि नंबर टाकू नका, फक्त तारीख. पुढचं मी सांगते.