पहिली फोर-बाय-फोर, टायर कुठला?

भावा, नवीन फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देणारी) थार घेतलीस, झकास! पण लगेच रुंद टायरच्या मागं लागू नकोस. कंपनीचा २५५/६५ आर १८ (पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये) काय बारीक नाही.

आपल्या गगनबावडा-राधानगरीकडं पावसाळ्यात वर चार बोटं लाल राड, खाली जांभ्याचा कडक थर. अरुंद टायर राड कापून खाली टेकतो आणि धरतो. रुंद टायर वरच तरंगतो, गाडी आडवी. जुनी जिप्सी २०५ च्या टायरवर कुठं कुठं चढायची, आठव! वाळूत किंवा तळच न लागणाऱ्या चिखलात मात्र रुंदच पाहिजे.

नवशिके हमखास चुकतात ते इथं:

- दिसायला भारी म्हणून रुंद टायर. मीही टाकलेले, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतलं प्लास्टिक खरवडायचे, मायलेजही पडलं.
- हवा कमी न करणं. ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वरून २०-२२ वर आण, टायर लांबट पसरतो, पकड वाढते. डांबरीवर यायच्या आधी परत भर; पंप गाडीतच ठेव.
- गुळगुळीत नक्षी. राडीत रुंदीपेक्षा खोल खाचा जास्त कामाच्या.

लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) नंतर बघू. एक पावसाळा याच टायरवर काढ.