अनलिमिटेड म्हणतात आणि लिमिट लावतात: नेटच्या बिलाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (मनीषनगर): १०० एमबीपीएस अनलिमिटेड म्हणून कनेक्शन घेतलं, पण वीस तारखेनंतर नेट पार रांगून राहिलं. केबलवाले दादा म्हणतात एफयूपी, म्हणजे पूर्ण स्पीडनं वापरायची जीबीची लिमिट, संपला. असं करता येतं का?

उत्तर: ताई, लिमिट ठेवता येते, लपवता येत नाही. घरगुती नेटचे दर ट्राय (टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) ठरवून देत नाही, ते कंपन्यांवर सोडलेत, पण ट्रायच्या २०१६ च्या आदेशात स्पष्ट आहे की किती जीबीपर्यंत कोणता स्पीड आणि त्यानंतर कोणता, हे ग्राहकाला सांगायलाच पाहिजे, आणि लिमिट संपली तरी फिक्स्ड ब्रॉडबँडचा स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही. आता ५१२ म्हणजे किती, तर १ जीबीची फाइल उतरायला चार तासांच्या वर लागतात! २०२३ पासून ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच किमान २ एमबीपीएसची आहे, मग हा तळ पण वर न्यायला पाहिजे, माझं तरी ठाम मत आहे. तुम्ही आधी कंपनीकडे तक्रार करा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या, नाही ऐकलं तर त्यांच्याच अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र मोकळा आहे, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये तसं सांगितलंय.

प्रश्न (धरमपेठ): आम्ही दोघं म्हातारे, फक्त नातवाला व्हिडिओ कॉल करतो. विजेसारखं मीटर लावून जीबीप्रमाणे बिल का नाही घेत?

उत्तर: काका, विजेच्या एकेका युनिटसाठी कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा जळतो, जीबीचं तसं नाही. फायबर एकदा टाकलं की तुम्ही १० जीबी वापरा की १०० वापरा, कंपनीचा खर्च फारसा हलत नाही, खर्च वाढतो तो संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन आल्यावर, कारण त्या गर्दीसाठी क्षमता वाढवावी लागते, आणि जीबी मोजणाऱ्या मीटरला रात्री दोनचा जीबी आणि रात्री नऊचा जीबी सारखाच दिसतो. शिवाय मीटर लागलं की पोरं अभ्यासाचा व्हिडिओ लावायलाही घाबरतील, ते मला नको वाटतं. तुमच्यासारख्यांना कमी स्पीडचा स्वस्त प्लॅन मिळायला पाहिजे, तो मागून घ्या.

प्रश्न (सक्करदरा): “आमच्या ॲपवरचे व्हिडिओ लिमिटमध्ये मोजणार नाही”, अशी ऑफर नेटची कंपनी देऊ शकते का?

उत्तर: व्हिडिओ इंटरनेटवरून येत असतील तर नाही. ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्रायच्या नियमानं कंटेंट पाहून वेगळा दर लावायला बंदी आहे, मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख दंड. हा नियम फार मोलाचा आहे, नाहीतर कोणतं ॲप चालणार हे कंपन्यांनीच ठरवलं असतं.

प्रश्न (महाल): आमच्या प्लॅनची लिमिट महिन्याला ३३०० जीबी आहे, तेवढे पुरतील का?

उत्तर: एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी खातो, म्हणजे ११०० तास झाले, आणि महिन्यात तास असतात जास्तीत जास्त ७४४. एका टीव्हीनं तर संपणारच नाही. तरी संपत असेल तर दुसरंच कोणी तुमचं नेट वापरत असेल, आधी वायफायचा पासवर्ड बदला.